दुसऱ्या फाइल सिस्टीमवर डिरेक्टरी उतरवण्यापूर्वी जागेचा हिशेब कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लिनक्स सर्व्हरवर जुन्या पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे आणि प्रत्येक पानाचा ओसीआर करून, म्हणजे छायाचित्रातली अक्षरे यंत्राने ओळखून, काढलेला मजकूर साठवलेला आहे. सर्व्हरवरची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था, ईएक्सटी4 असून फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी ‘डीयू’ ही आज्ञा त्या डिरेक्टरीचा आकार 620 ‘जी’ असा दाखवते. मजकुराच्या फाइलींची संख्या सुमारे 40 लाख असून त्यांतली प्रत्येक 4 केबीच्या आतली आहे. ही डिरेक्टरी 1 टीबीच्या नव्या बाह्य डिस्कवर उतरवायला घेतली, तेव्हा बराच भाग बाकी असतानाच जागा संपल्याचा संदेश येऊन काम थांबले. डिस्क आणली तशी, म्हणजे एक्सफॅट या फाइल सिस्टीमच्या फॉरमॅटमध्येच वापरली होती. जागा कुठे गेली आणि असा अंदाज आधीच कसा काढावा, अशी विचारणा आहे.

डिरेक्टरीला स्वतःचा असा एकच आकार नसतो, हे या प्रश्नाच्या मुळाशी आहे. त्याच फाइली एका फाइल सिस्टीमवर एक जागा घेतात आणि दुसरीवर वेगळी. शिवाय त्या कोणत्या साधनाने आणि कोणते पर्याय देऊन उतरवल्या, यावरही उत्तर बदलते. डीयूने दाखवलेला आकडा खरा असतो, पण तो फक्त स्रोताच्या फाइल सिस्टीमपुरता. तेथे फाइलींना प्रत्यक्ष दिलेले ब्लॉक, म्हणजे जागेचे ठरावीक तुकडे, मोजून तो काढलेला असतो, आणि गंतव्य डिस्कवर ब्लॉक किती मोठे आहेत, तेथे हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलीला दिलेली अनेक नावे, चालतात की नाहीत, याची डीयूला कल्पनाही नसते.

आधी एककांचा गोंधळ दूर करू, कारण निम्मे चुकलेले अंदाज तेथेच चुकतात. डिस्कच्या खोक्यावर लिहिलेला 1 टीबी म्हणजे दहाचा बारावा घात, एक लाख कोटी बाइट. डीयू आणि डिस्कवरची एकूण व मोकळी जागा दाखवणारी डीएफ यांना ‘मायनस एच’ दिल्यावर ती 1024 च्या पटीत मोजतात. त्या मापात 1 टीबी डिस्क 931 गिबिबाइटची भरते. म्हणून 620 ची तुलना 1000 शी न करता 931 शी करायला हवी. दोन्ही बाजूंचे आकडे बाइटमध्ये घेणे हा यावरचा सर्वांत सुरक्षित उपाय आहे. पुढे जेथे जेथे मी गिबिबाइट म्हणतो, तेथे 1024 चे माप अभिप्रेत आहे.

आता मुख्य कारणाकडे येऊ. बहुतेक फाइल सिस्टीम फाइलींना जागा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत देतात. लॉजमध्ये एकटा माणूस उतरला तरी भाडे पूर्ण खोलीचे पडते, तसे एका बाइटची फाइलही पूर्ण तुकडा अडवते. ईएक्सटी4 मध्ये हा तुकडा, म्हणजे ब्लॉक, सहसा 4096 बाइटचा असतो. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही 16 टीबीपर्यंतच्या विभागाला मूळ निवडीप्रमाणे 4 केबीचाच क्लस्टर (तेथे तुकड्याला हे नाव आहे) मिळतो. एक्सफॅटची गोष्ट वेगळी आहे. विंडोजच्या मूळ निवडीप्रमाणे 256 एमबीपर्यंत 4 केबी, 32 जीबीपर्यंत 32 केबी आणि त्यापुढे 128 केबीचा क्लस्टर धरला जातो. कॅमेऱ्याच्या कार्डावर, जेथे प्रत्येक फाइल काही एमबींची असते, तेथे हे अगदी योग्य आहे. चार केबीच्या आतल्या 40 लाख फाइलींसाठी मात्र ते घातक ठरते.

हिशेब करून पाहू. ईएक्सटी4 वर 40 लाख फाइली प्रत्येकी एक ब्लॉक घेतात, म्हणजे 4 केबी गुणिले 40 लाख, सुमारे 15 गिबिबाइट. एक्सफॅटवर त्याच फाइली प्रत्येकी 128 केबी घेतात आणि एकूण होतात 488 गिबिबाइट. छायाचित्रांच्या मोठ्या फाइलींना दोन्हीकडे जवळजवळ सारखीच जागा लागते, तेव्हा 620 मधून 15 वजा करून 488 मिळवले की 1093 गिबिबाइट येतात, आणि डिस्कवर तर 931 च आहेत. काम मध्येच थांबले यात डिस्कचा दोष नाही आणि डीयूचाही नाही. फाइल सिस्टीम तीच राहिली असती, तर ही डिरेक्टरी तिच्यात मावून वर जागा उरली असती.

हा हिशेब आधीच करण्याची पद्धत अवघड नाही. गंतव्य डिस्क जोडून माउंट केल्यावर ‘स्टॅट मायनस एफ’ ही आज्ञा तिच्या माउंट पॉइंटवर, म्हणजे ती जेथे दिसते त्या डिरेक्टरीवर, चालवली की ब्लॉकचा आकार कळतो. एक्सफॅट आणि फॅट32 वर हा आकडा क्लस्टरचाच असतो. त्यानंतर स्रोताच्या डिरेक्टरीवर ‘फाइंड’ ही फाइली शोधणारी आज्ञा चालवून, ‘प्रिंटएफ’ पर्यायाने प्रत्येक सामान्य फाइलीचा बाइटमधला आकार एकेका ओळीवर छापून घ्यावा. ती यादी ओळीगणिक हिशेब करणाऱ्या ‘ऑक’कडे पाइप करून, म्हणजे थेट पाठवून, प्रत्येक आकाराला क्लस्टरच्या पुढच्या पूर्ण पटीपर्यंत वाढवावे आणि बेरीज करावी. आकारात क्लस्टर मिळवून एक वजा करायचा, क्लस्टरने भागून अपूर्णांक टाकायचा आणि पुन्हा क्लस्टरने गुणायचे, एवढेच सूत्र आहे. शून्य बाइटच्या फाइलीला या सूत्राने शून्यच मिळते आणि ते बरोबर आहे. काही यंत्रणांवर ऑक म्हणून ‘एमऑक’ असते आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांत पूर्णांक छापण्याचा साचा 2147483647 वर अडकतो. तेव्हा बेरीज छापताना शून्य दशांशाचा अपूर्णांकी साचा वापरावा, नाहीतर टेराबाइटची डिरेक्टरी दोन जीबीची दिसते.

ही फाइल-फाइल मोजण्याची खटपट टाळण्यासाठी दोन सोपे मार्ग सुचवले जातात, पण दोन्ही फसवे आहेत. पहिला म्हणजे दर फाइलीमागे अर्धा क्लस्टर वाया जातो असे धरणे. फाइली क्लस्टरच्या कितीतरी पट मोठ्या असतील आणि त्यांचे आकार विखुरलेले असतील, तर हा अंदाज छान जमतो. फाइली क्लस्टरपेक्षा लहान असल्या की तो कोसळतो. वरच्या उदाहरणात अर्धा नव्हे, जवळजवळ पूर्ण क्लस्टर वाया गेला आहे. दुसरा मार्ग म्हणजे डीयूला ‘ब्लॉक-साइज’ पर्यायात गंतव्याच्या क्लस्टरचा आकार देणे. त्या पर्यायाने फक्त छापण्याचे एकक बदलते. तो अंतिम बेरजेला पूर्णांकी करतो, प्रत्येक फाइलीला नाही.

डीयूचा ‘अपॅरंट-साइज’ हा पर्याय मात्र अवश्य वापरावा, कारण तो दिलेल्या ब्लॉकऐवजी फाइलींचे नाममात्र आकार मोजतो. साधा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवले की स्रोताचा स्वभाव लगेच उमगतो. साधा आकडा बराच मोठा असेल, तर लहान फाइलींची गर्दी आहे. नाममात्र आकडा मोठा असेल, तर डिरेक्टरीत स्पार्स, म्हणजे आत न लिहिलेल्या पोकळ्या असलेल्या, फाइली आहेत किंवा स्रोताची फाइल सिस्टीम आतल्या आत कॉम्प्रेशन करते आहे. दोन्ही आकडे जवळ असले तरी निश्चिंत होऊ नये, कारण दोन्ही प्रकार एकत्र असले की एकाची वाढ दुसऱ्याची घट झाकते. विंडोज वापरणाऱ्यांना हीच जोडी फोल्डरच्या गुणधर्मांच्या चौकटीत ‘आकार’ आणि ‘डिस्कवरील आकार’ या रूपात दिसते. तेथे डिस्कवरील आकार फारच लहान दिसला, तर त्या फाइली केवळ क्लाउडवर असून यंत्रावर नावापुरत्या असण्याचा संभव असतो. त्या उतरवायला घेतल्या की आधी इंटरनेटवरून खाली येतात, म्हणजे स्रोताच्या डिस्कवरही तेवढी जागा लागते.

स्पार्स फाइलींवर थोडे थांबणे आवश्यक आहे. व्हर्च्युअल मशीनची कच्ची डिस्क-प्रतिमा नावाला 500 जीबीची असते, पण आत लिहिलेले 60 जीबीच असते. उरलेली जागा ही पोकळी असते आणि तिला ब्लॉक दिलेलेच नसतात. प्रत्येक युजरच्या शेवटच्या लॉगिनची नोंद ठेवणारी ‘लास्टलॉग’ ही फाइलही अशीच आहे. तिच्यात प्रत्येक युजर क्रमांकासाठी 292 बाइटची जागा ठरलेली असल्याने, संस्थेच्या केंद्रीय यादीतून 10 कोटींच्या घरातला युजर क्रमांक मिळालेल्या एकाच व्यक्तीने लॉगिन केले तरी त्या फाइलीचा नाममात्र आकार 29 जीबी होतो. जीएनयूची, म्हणजे लिनक्सवर सहसा असणारी, ‘सीपी’ ही प्रत करणारी आज्ञा पोकळ्या ओळखून त्या शक्यतो तशाच ठेवते. दोन डिरेक्टरी जुळवून ठेवणारे ‘आरसिंक’ मात्र सांगितल्याशिवाय तसे करत नाही, त्याला ‘कॅपिटल एस’ द्यावा लागतो. अनेक फाइली एकीत बांधणाऱ्या ‘टार’लाही तोच पर्याय लागतो. नेटवर्कवरून प्रत करणाऱ्या एससीपीने पाठवल्यास पोकळ्या शून्यांनी भरल्या जातात. गंतव्य फॅट32 किंवा एक्सफॅट असेल, तर कोणताही पर्याय दिला तरी उपयोग नाही, कारण त्या फाइल सिस्टीममध्ये पोकळीची सोयच नाही आणि पूर्ण 500 जीबी लिहिले जातात. फॅट32 वर तर ही फाइल जातच नाही, तेथे एका फाइलीची कमाल मर्यादा 4 गिबिबाइटला एक बाइट कमी इतकी आहे.

माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फटका हार्ड लिंकमुळे बसतो. रोजचे बॅकअप हार्ड लिंकच्या युक्तीने ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यात न बदललेली फाइल दर दिवसाच्या डिरेक्टरीत दिसते, पण डिस्कवर ती एकदाच असते. समजा, 200 जीबीच्या सामग्रीचे 30 दिवसांचे असे बॅकअप आहेत आणि रोज थोडेच बदलते. डीयू एका आयनोडला, म्हणजे फाइलीच्या डिस्कवरच्या मूळ नोंदीला, एकदाच मोजत असल्यामुळे सगळे मिळून 230 किंवा 240 जीबी सांगेल. तीच डिरेक्टरी नुसत्या ‘मायनस आर’ने सीपी केली, तर प्रत्येक नाव स्वतंत्र फाइल बनून 6000 जीबी, म्हणजे 6 टीबी मागितले जातात. सीपीला ‘मायनस ए’ दिल्यास लिंक टिकतात. आरसिंकचा ‘मायनस ए’ मात्र लिंक टिकवत नाही, त्याला ‘कॅपिटल एच’ वेगळा द्यावा लागतो. एकाच अक्षराचा अर्थ दोन साधनांत असा वेगळा निघावा ही दुर्दैवाची गोष्ट आहे, पण ती ठाऊक असलेली बरी. लिंक सुटल्या तर किती जागा लागेल, हे डीयूला ‘मायनस एल’ देऊन पाहता येते. आणखी एक बारकावा म्हणजे, एकाच आज्ञेत दोन डिरेक्टरी दिल्या, तर त्यांच्यात सामाईक असलेली फाइल आधी लिहिलेल्या डिरेक्टरीच्या खात्यावर पडते. क्रम बदलला की आकडे बदलतात. त्यामुळे महिन्याभराचे बॅकअप तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या डिस्कवर न्यायचे असतील, तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र आज्ञेने मोजावा. वर सांगितलेल्या फाइंडच्या यादीत हार्ड लिंक नावागणिक मोजल्या जातात. लिंक टिकणार असतील, तर आकारासोबत डिव्हाइस आणि आयनोड क्रमांकही छापून घ्यावेत आणि पुन्हा आलेले ऑकमध्ये गाळावेत.

बीटीआरएफएस, झेडएफएस किंवा एक्सएफएस यांपैकी एखादी फाइल सिस्टीम स्रोत असेल, तर आणखी एक थर चढतो. झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असताना डीयू आवळलेला आकार दाखवते. तेथून ईएक्सटी4 वर जाताना नाममात्र आकारच खरा धरावा. बीटीआरएफएसवर याच्या उलट, डीयूमध्ये कॉम्प्रेशन दिसतच नाही. बीटीआरएफएस आणि एक्सएफएस यांच्यात दोन फाइली तेच ब्लॉक वाटून घेऊ शकतात, ज्याला रीफ्लिंक म्हणतात. डीयू अशा फाइली प्रत्येकी पूर्ण मोजते, आणि दुसऱ्या फाइल सिस्टीमवर गेल्यावर ही भागीदारी संपतच असल्याने येथे डीयूचा मोठा दिसणारा आकडाच उपयोगी ठरतो. स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणीची गोठवलेली स्थिती, ठेवलेली डिरेक्टरी मूळ डिरेक्टरीच्या पोटात असेल, तर प्रत्येक स्नॅपशॉट हा पूर्ण आकाराने उतरेल, हे लक्षात ठेवून तिला वगळावे.

वगळण्याचा विषय निघालाच आहे, तर नेमके काय उतरवले जाणार आहे याची खात्री मोजण्यापूर्वीच करावी. डिरेक्टरीच्या आत दुसरी डिस्क किंवा एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला, वाटा माउंट केलेला असेल, तर डीयू त्यातही शिरते. ‘मायनस एक्स’ दिल्यास ती मूळ फाइल सिस्टीम सोडत नाही, आणि आरसिंक व सीपी यांनाही हाच पर्याय आहे. मोजताना दिला आणि उतरवताना विसरला, असे होऊ देऊ नये. परवानगी नसलेल्या डिरेक्टरी डीयूला मोजता येत नाहीत. त्यांच्याबद्दलच्या तक्रारी एरर म्हणून स्क्रीनवरून वाहून जातात आणि खाली बेरीज मात्र निमूटपणे छापली जाते, तेव्हा मोजणी रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने करावी. सिम्बॉलिक लिंकच्या, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नावाच्या, जागी मूळ फाइल उतरवण्याचा पर्याय देणार असाल, तर डीयूलाही ‘कॅपिटल एल’ द्यावा. उतरवताना काही नमुने वगळणार असाल, तर आरसिंकची ‘ड्राय-रन’ आणि ‘स्टॅट्स’ यांची जोडी उत्तम: तेच नियम लावून ती फाइलींची संख्या आणि एकूण आकार सांगते. हा आकार नाममात्र असतो, त्यात क्लस्टरची वाढ धरलेली नसते.

आता गंतव्याची बाजू पाहू. डीएफमध्ये एकूण आकाराच्या रकान्याकडे न पाहता ‘उपलब्ध’ हा रकाना पाहावा. ईएक्सटी4 ने फॉरमॅट केलेली 1 टीबी डिस्क घेतली, तर 931 गिबिबाइटपैकी सुमारे दीड टक्का आयनोडच्या तक्त्यांत जातो, कारण दर 16384 बाइटमागे 256 बाइटचा एक आयनोड फॉरमॅट करतानाच आखला जातो. म्हणून डीएफ एकूण आकार 916 च्या आसपास दाखवते. त्यातून 5 टक्के ब्लॉक रूटसाठी राखीव असल्याने सामान्य युजरला सुमारे 870 च मिळतात. केवळ साठवणीच्या डिस्कवर एवढ्या राखीव जागेची गरज नसते. ‘ट्यून2एफएस’ला ‘मायनस एम’ देऊन ती एक टक्क्यावर आणता येते, आणि 1 टीबीवर त्याने 37 गिबिबाइट सुटतात.

ईएक्सटी4 वर आयनोडची संख्या फॉरमॅटच्या वेळी ठरते आणि त्याच आकाराच्या विभागावर ती मागाहून वाढवता येत नाही. 1 टीबीवर मूळ निवडीने सुमारे 6 कोटी 10 लाख आयनोड मिळतात, ते बहुतेकांना पुरून उरतात. पण कोणी ‘लार्जफाइल’ हा प्रकार निवडून फॉरमॅट केले असेल, तर दर 1 एमबीमागे एकच आयनोड मिळतो, म्हणजे 1 टीबीवर जेमतेम साडेनऊ लाख. तेथे आपल्या 40 लाख फाइली डिस्क बरीचशी रिकामी असतानाच अडकतील, आणि संदेश पुन्हा तोच येईल की जागा शिल्लक नाही. म्हणून फाइंडने फाइली, डिरेक्टरी आणि लिंक मिळून एकूण संख्या मोजावी आणि ती ‘डीएफ मायनस आय’च्या मोकळ्या आयनोडशी ताडून पाहावी. एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि झेडएफएस आयनोड लागतील तसे घडवतात, तेथे ही अडचण सहसा येत नाही.

डिरेक्टरींनाही जागा लागते. 128 केबी क्लस्टरच्या एक्सफॅटवर 50 हजार डिरेक्टरी म्हणजे किमान 6 गिबिबाइट झाले. ईएक्सटी4 वर याउलट जागा वाचते: डिरेक्टरी एकदा फुगली की आतल्या फाइली पुसल्या तरी ती सहसा आकसत नाही, त्यामुळे स्रोतावर काही एमबींची दिसणारी जुनी डिरेक्टरी नव्या डिस्कवर 4 केबीत बसते. विस्तारित ॲट्रिब्युट (फाइलीला जोडलेली जादा माहिती) आणि एसीएल (परवानग्यांची यादी) आयनोडच्या मोकळ्या जागेत मावले नाहीत, तर ईएक्सटी4 त्यांना वेगळा ब्लॉक देते. मॅकवरून एक्सफॅटवर उतरवताना हेच ॲट्रिब्युट टिंब आणि अधोरेखेने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलींत लिहिले जातात. ती प्रत्येक जोडफाइल पूर्ण क्लस्टर खाते, म्हणजे लहान फाइलींचा खर्च दुप्पट होतो.

देवनागरीत फाइलींची नावे ठेवणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना आहे, ती जागेची नसली तरी काम तशीच थांबवते. ईएक्सटी4 मध्ये नावाची मर्यादा 255 बाइट आहे, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही आले, 3 बाइट घेते. म्हणजे 85 चिन्हांत मर्यादा संपते. एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये मर्यादा 255 यूटीएफ-16 एककांची असल्याने तेथे तेच नाव आरामात बसलेले असते. विंडोजवरून लिनक्सवर येताना पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, आवृत्ती आणि वर्ष एकाच फाइलनामात कोंबलेले असेल, तर ते नाव लांब असल्याचे सांगून नाकारले जाते. 255 बाइटपेक्षा लांब नावे आधीच शोधून ठेवावीत.

उतरवण्याच्या कामाला तात्पुरती जागाही लागते, आणि ती अंतिम आकारात दिसत नाही. आरसिंक प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग खरे नाव देते. पहिल्या फेरीत याने काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत मात्र 300 जीबीची एखादी बदललेली डिस्क-प्रतिमा जुनी आणि नवी अशा दोन्ही रूपांत काही काळ नांदते आणि आणखी 300 जीबी मागते. ‘इनप्लेस’ पर्यायाने हे टळते, पण काम मध्येच तुटल्यास गंतव्यावर अर्धवट फाइल राहते. ज्याची दुसरी प्रत नाही अशा सामग्रीसाठी मी तो पर्याय वापरत नाही. चालू डेटाबेस आणि लॉग मोजणी व उतरवण्याच्या दरम्यानही वाढत असतात. त्यांच्यासाठी स्नॅपशॉट घेऊन तोच मोजावा आणि तोच उतरवावा.

गंतव्य जर बीटीआरएफएस असेल, तर 2 केबीपर्यंतच्या फाइली मेटाडेटातच, म्हणजे फाइलींविषयीच्या नोंदींतच, सामावल्या जातात आणि एकाच डिस्कवर मेटाडेटा हल्ली मूळ निवडीने दुहेरी ठेवला जातो, म्हणून त्या फाइली दुप्पट मोजाव्यात. झेडएफएसच्या रेडझेड2 रचनेत, 4 केबीच्या सेक्टरवर, 4 केबीचा एकटा ब्लॉक दोन पॅरिटी (बिघाडातून सावरण्यासाठीचे) सेक्टर धरून 12 केबी घेतो. एलव्हीएमच्या थिन पूलवर, जेथे प्रत्यक्षाहून जास्त जागा दाखवता येते, डीएफचा आकडा मुळात विश्वासाचा नसतो, कारण खाली पूलमध्येच जागा नसली तरी वरची फाइल सिस्टीम भरपूर जागा दाखवते. नेटवर्कवरच्या वाट्यावर कोटा, म्हणजे वापराची मर्यादा, लावलेला असू शकतो, आणि तोही डीएफमध्ये दिसेलच असे नाही.

इतक्या बाबी एकत्र आल्या की कागदावरच्या सूत्रापेक्षा लहान प्रयोग अधिक भरवशाचा ठरतो. ‘ट्रंकेट’ने गंतव्य डिस्कच्याच आकाराची स्पार्स फाइल तयार करावी, तिच्यावर नेमक्या त्याच पर्यायांनी फाइल सिस्टीम आखावी, लूप डिव्हाइसने (फाइल डिस्कसारखी जोडण्याची सोय) ती माउंट करावी आणि स्रोताचा प्रातिनिधिक तुकडा तिच्यात उतरवून डीएफचा आधीचा आणि नंतरचा आकडा पाहावा. प्रतिमेचा आकार मुद्दाम गंतव्याएवढाच ठेवायचा, कारण क्लस्टरचा आकार विभागाच्या आकारावरून ठरतो. 10 जीबीच्या प्रतिमेवर एक्सफॅट 32 केबीचे क्लस्टर घेईल आणि प्रयोग गोड पण खोटे उत्तर देईल. तुकडा निवडताना सर्वांत लहान फाइली असलेल्या डिरेक्टरी आवर्जून घ्याव्यात. या मार्गाने आलेल्या आकड्यावर, सामग्री स्थिर असेल तर, मी 5 टक्के वाढ धरतो. केवळ डीयूवरून अंदाज करायचा असेल आणि गंतव्याचा ब्लॉक तेवढाच असेल, तर 10 टक्के. ब्लॉकचा आकार वेगळा असेल, तर कोणतीही टक्केवारी लावणे निरर्थक आहे, तेथे फाइलनिहाय मोजणीच करावी.

विचारलेल्या प्रकरणात काय करावे, हे डिस्क कुठे वापरायची यावर अवलंबून आहे. ती लिनक्सपुरतीच असेल, तर ईएक्सटी4 ने फॉरमॅट करावी: 620 गिबिबाइट 870 मध्ये सहज बसतील. विंडोजवरही वाचायची असेल, तर एनटीएफएस घ्यावे किंवा 4 केबीचा क्लस्टर सांगून एक्सफॅट पुन्हा आखावे. फॉरमॅट बदलायचेच नसेल, तर मजकुराच्या फाइली पुस्तकागणिक टारमध्ये बांधाव्यात. टार प्रत्येक फाइलीला 512 बाइटचे शीर्षक जोडते आणि मजकूर 512 च्या पटीत वाढवते, म्हणजे 4 केबीच्या आतली फाइल फार तर 4608 बाइट घेते आणि 40 लाख फाइली सुमारे 17 गिबिबाइटच्या पुढे जात नाहीत. डिरेक्टरीसह नाव 100 बाइटपेक्षा लांब असले, तर जीएनयू टार दर फाइलीमागे बहुधा आणखी 1 केबी घेते, आणि देवनागरीत 34 अक्षरचिन्हांतच ती सीमा ओलांडली जाते. तेव्हा 21 गिबिबाइट धरून चालावे. तरीही 488 च्या तुलनेत हा आकडा किरकोळच आहे. टारचा नेमका आकार आधी हवा असेल, तर त्याचा प्रवाह फाइलीत न लिहिता ‘डब्ल्यूसी मायनस सी’कडे पाइप करावा, बाइटपर्यंत उत्तर मिळते.

उतरवून झाल्यावर दोन्हीकडे डीयू चालवून आकडे जुळवण्याचा मोह होतो. ते जुळणार नाहीत, आणि जुळले नाहीत म्हणून प्रत अपुरी आहे असेही नाही. सामान्य फाइलींची संख्या आणि त्यांच्या नाममात्र आकारांची बेरीज दोन्हीकडे फाइंडने काढून ताडावी. डिरेक्टरींचे आकार त्यात मिसळू नयेत, कारण ते प्रत्येक फाइल सिस्टीमवर वेगळेच असतात. मजकूर बाइटगणिक तोच आहे का, हे पाहायचे असेल, तर आरसिंक ‘ड्राय-रन’मध्ये ‘मायनस सी’ देऊन चालवावी. ती दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचते, त्यामुळे 620 गिबिबाइटला काही तास लागतील.